'नाही' म्हणता येईल अशी प्रार्थना

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी भेटलं की हमखास विचारतं, "ताई, तुम्ही त्या मुलांसाठी प्रार्थना करता की समुपदेशन?" समुपदेशकांच्या बैठकीत गेले की कुणीतरी हळूच विचारतं, "श्रद्धा बाहेर ठेवूनच आत जाता ना?" दोघांनाही माझं उत्तर एकच असतं आणि दोघांचंही त्याने पुरतं समाधान होत नाही. मी ख्रिस्ती आहे, प्रशिक्षित समुपदेशक आहे आणि किशोरवयीन मुलामुलींच्या एका निवासगृहात काम करते. प्रभूवरचा विश्वास चपलेसारखा दाराबाहेर काढून ठेवता येत नाही आणि मला तो ठेवायचाही नाही. पण समुपदेशनाच्या खोलीत त्याने कधी बोलायचं आणि कधी गप्प राहायचं, हे मी ठरवत नाही. समोरचं मूल ठरवतं. तसं का, ते आज जरा सविस्तर लिहिते. (प्रसंगांतले तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत.)

बाहेरच्या दवाखान्यात समुपदेशनाला येणारं मूल तासाभराने आपल्या घरी जातं. समुपदेशक आवडली नाही तर पुढच्या वेळी येत नाही. निवासगृहातल्या मुलाला ती मोकळीक नाही. ज्या माणसांपाशी मन मोकळं करायचं, त्यांच्याच हातात त्याचं जेवण, शाळा, झोपायची वेळ, घरी करायचा फोन आणि सुट्टीतली भेट असते. अशा ठिकाणी मी "आपण प्रार्थना करू या का?" असं विचारलं तर ते "हो" म्हणणारच. त्या "हो"मध्ये श्रद्धा किती, भीती किती आणि फोनची आशा किती, हे मला बाहेरून कळू शकत नाही. बहुतेकदा त्यालाही सांगता येत नाही.

ज्या घरात मोठ्यांच्या मूडवर मार ठरतो, त्या घरातलं मूल मोठ्यांचे चेहरे वाचतच जगलेलं असतं. आमच्याकडे आल्यावरही पहिले काही आठवडे ते हेच करतं. इथे कुणाला काय आवडतं? कुणाला नीट घातलेलं अंथरूण आवडतं, कुणाला गोड बोलणं, आणि संस्था ख्रिस्ती असली की साक्ष आवडते. ती कशी द्यायची हे मुलं फार लवकर उचलतात. डोळे मिटून, आवाज खाली आणून "प्रभूने माझं जीवन बदललं" म्हणतात आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. मला त्या क्षणी काळजी वाटते. ज्याच्यापुढे सगळं खरं बोलता यावं, त्याच्याचपुढे या मुलाला नाटक करावं लागतंय.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं चौदावं कलम मुलाच्या विचाराच्या, विवेकाच्या आणि धर्माच्या स्वातंत्र्याबद्दल बोलतं. विसावं कलम कुटुंबापासून दूर वाढणाऱ्या मुलांबद्दल आहे आणि त्यांची सोय करताना त्यांच्या धार्मिक, सांस्कृतिक व भाषिक पार्श्वभूमीचा योग्य तो विचार व्हावा, असं ते सांगतं. काही ख्रिस्ती सहकाऱ्यांना ही कलमं आपल्या सेवेच्या वाटेतला अडथळा वाटतात. मला तसं कधीच वाटलं नाही. ती वाचताना मला बार्तीमय आठवतो. रस्त्याकडेला बसलेला आंधळा, त्याला काय हवंय हे गर्दीतल्या पोरालाही दिसत असणार. तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसालाही तो आधी विचारतो, तुला बरं व्हायची इच्छा आहे का? सर्व काही करू शकणारा थांबून परवानगी घेतो. मग मी कोण, न विचारता कुणाच्या डोक्यावर हात ठेवणारी?

हात ठेवण्याचंच घ्या. कुठल्याही ख्रिस्ती घरात लहानाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणं किती साधी, मायेची गोष्ट. पण ज्या मुलीवर अत्याचार झालाय तिला "डोळे मीट" म्हणणं आणि मग मागून येऊन तिला स्पर्श करणं, याचा अर्थ तिचं शरीर वेगळाच लावतं. ती ताठ होते, श्वास अडकतो, कधी कधी ती खोलीत असूनही खोलीत नसते. आमच्याकडे म्हणून पद्धत ठरलेली आहे. प्रार्थनेचा विषय मुलाने काढल्याशिवाय समुपदेशनाच्या वेळेत मी काढत नाही. त्याने काढला तर मी विचारते, काय मागायचंय? कोण बोलेल, तू की मी? डोळे उघडे ठेवायचेत की मिटायचेत? मी कुठे बसू? मोठ्याने की मनात? एवढे प्रश्न विचारून भक्तिभाव आटतो असं काहींना वाटतं. मी पाहिलंय ते उलट. एका मुलाने सांगितलं, "तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसा, मी बोलतो." तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण तो खरं बोलत होता, याबद्दल मला शंका नाही.

संध्याकाळची प्रार्थनासभा आमच्याकडे ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक म्हणजे कागदावर नाही. त्याच वेळी मैदानावर किंवा चित्रकलेच्या खोलीत दुसरं काहीतरी चालू असतं आणि तिथेही मुलांच्या आवडीचीच ताई किंवा दादा असतो. न येणाऱ्याला रिकाम्या खोलीत एकटं बसवलं तर ती निवड राहत नाही, शिक्षा होते. सभेची हजेरी घेत नाही. वर्तनाच्या गुणांशी, सवलतींशी, घरभेटीशी तिचा काही संबंध नाही. हे ठरल्यावर सुरुवातीला सभेतली संख्या घटली आणि आमच्या काही गृहमातांना फार वाईट वाटलं. मला ते समजत होतं. त्या मनापासून मुलांच्या तारणासाठी, म्हणजे उद्धारासाठी झुरतात.

आता समुपदेशनाकडे येते, कारण मंडळीतल्या माणसांना त्या बाजूची फारशी कल्पना नसते. अनेकांना वाटतं समुपदेशन म्हणजे समजावून सांगणं. आमच्या मुलांना आयुष्यभर सगळ्यांनी समजावूनच सांगितलंय. आघात झेललेल्या मुलाची पहिली अडचण समज ही नसतेच. झोप नसते, भूक वेळेवर नसते, दार आपटलं की अंग दचकतं, वर्गात कुणी मागे उभं राहिलं की मूठ वळते. १९९८ साली अमेरिकेत विन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांवरचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याने दाखवलं की असे अनुभव जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्याचा, व्यसनाचा, हृदयविकाराचाही धोका जास्त. जखम मनापुरती राहत नाही. म्हणून आमचं काम बरंच शारीरिक वाटेल असं असतं. रोज ठरल्या वेळी ठरलेली गोष्ट होणं, झोपायच्या आधी कोण येणार हे माहीत असणं, श्वास लांब सोडायला शिकणं, पाय जमिनीवर टेकवून खोलीतल्या वस्तूंची नावं घेणं. भावनेला नाव देणं त्यानंतर. आणि घडलेली गोष्ट सांगणं त्याच्याही खूप नंतर, थोडी थोडी, मुलाला झेपेल तेवढीच.

पवित्र शास्त्रातही हा क्रम मला सापडतो. पहिले राजे या पुस्तकात एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला फटकारत नाही, विश्वास कमी पडला म्हणत नाही. एलीया झोपतो. देवदूत उठवून खायला देतो, पाणी देतो. तो पुन्हा झोपतो. पुन्हा खायला मिळतं. "तू इथे काय करत आहेस?" हा प्रश्न त्याला बऱ्याच लांबच्या प्रवासानंतर, होरेब डोंगरावर विचारला जातो. नवीन कर्मचारी आले की मी त्यांना हा अध्याय वाचायला सांगते. मूल आलं त्याच रात्री त्याची कहाणी काढू पाहणाऱ्यांसाठी याहून चांगला पाठ मला माहीत नाही.

आठवड्यातला एखादा तास मूल माझ्यासमोर बसतं. उरलेला सगळा वेळ ते गृहमातांबरोबर, दादांबरोबर, इतर मुलांबरोबर असतं. निवासगृहातलं खरं समुपदेशन रात्री दहाला जिन्यात होतं, भांडणानंतर पाणी पिताना होतं. ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेल्या फ्रिट्झ रेडल यांनी घटना घडल्यावर तिथेच, मुलाच्या रोजच्या जागेत बोलण्याची पद्धत मांडली, ती आम्ही सगळ्यांना शिकवतो. आधी शांत होऊ द्यायचं, मग काय झालं ते त्याच्याच तोंडून ऐकायचं, मग पुढच्या वेळी काय करता येईल ते. त्यात "हे देवाला आवडेल का?" हा प्रश्न बसत नाही. रागाने थरथरणाऱ्या मुलासमोर देवाला वॉर्डनसारखं उभं करायचं नाही, हे मी सगळ्यांना कळकळीने सांगते.

क्षमेबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय. एक मुलगी रविवारच्या उपदेशानंतर माझ्याकडे आली. उपदेश क्षमेवर होता, चांगला होता. तिने विचारलं, "ताई, मी त्यांना माफ केलं नाही तर देव मला माफ करणार नाही ना?" 'ते' म्हणजे तिच्याच घरातला माणूस. प्रभूची प्रार्थना तिला पाठ होती, तीत तसं वाक्य आहे, आणि मी खोटं बोलणार नव्हते. पण त्या प्रश्नाआड काय आहे ते आधी पाहणं भाग होतं. तिच्या मनात माफ करणं म्हणजे तक्रार मागे घेणं, सुट्टीत त्या घरी जाणं, त्या माणसाला नमस्कार करणं आणि आईला बरं वाटेल असं वागणं होतं. हे सगळं तिला कुणीतरी शिकवलं होतं, आणि त्यात त्या माणसाची सोय होती.

मी तिला सांगितलं की क्षमा म्हणजे झालं ते चालेल म्हणणं नाही. क्षमा म्हणजे पुन्हा एका छपराखाली राहणंही नाही. आणि कायद्याचं काम कायद्याने करणं, हा सूड नाही. ती कधी क्षमा करेल, करेल की नाही, यासाठी इथे कुणीही घड्याळ लावून बसलेलं नाही. मग आम्ही दुसरं शमुवेल उघडलं, तेरावा अध्याय. तामारेवर तिचा सावत्र भाऊ अम्नोन बलात्कार करतो. सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणतो, आता गप्प राहा, हे मनाला लावून घेऊ नकोस. दावीद राजा संतापतो, पण काही करत नाही. ती मुलगी बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हे बायबलमध्ये आहे?" आहे. लपवलेलं नाही. कुणी काय केलं, कुणी गप्प बसवलं, कुणी राग आला तरी हात हलवला नाही, सगळं नावांनिशी आहे. कोणत्याही संस्थेला लागू पडेल असा तो अध्याय आहे आणि मला वाटतं निवासगृह चालवणाऱ्या प्रत्येक विश्वस्त मंडळाने तो वर्षातून एकदा मोठ्याने वाचावा.

अत्याचाराची माहिती मुलाने दिली की ती वर कळवणं हे समुपदेशकाचं बंधन आहे. ते मी पहिल्याच भेटीत सांगते, तुझं बोलणं माझ्यापाशी राहील, पण तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका असेल तर मी गप्प राहू शकणार नाही. त्यामुळे काही मुलं सावध होतात. होऊ देत. पाळता येणार नाही असं वचन देण्यापेक्षा ते बरं.

आणि आता ती जागा, जिथे मला श्रद्धेची आणि समुपदेशनाची, दोन्हीकडची शिकवण एकाच वेळी लागते. एका मुलाची आई वारली होती. तो शांत, आज्ञाधारक, सभेला नेमाने येणारा. कित्येक महिन्यांनी त्याने सांगितलं की आई आजारी असताना एका रात्री प्रार्थना न करताच तो झोपी गेला आणि सकाळी ती गेली होती. म्हणून तो रोज प्रार्थना करत होता, कुणालाही चुकू देत नव्हता. आम्ही सगळे त्याला भक्तिमान समजत होतो. तो भीतीत जगत होता. केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञांनी श्रद्धा संकटात कशी वापरली जाते याचा पुष्कळ अभ्यास केलाय. देव सोबत आहे ही भावना एका बाजूला, आणि देव मला शिक्षा करतोय, त्याने मला सोडलंय ही भावना दुसऱ्या बाजूला. पहिली आधार देते, दुसरी दुःख आणखी खोल करते. दोन्ही बाहेरून पाहणाऱ्याला सारख्याच धार्मिक दिसू शकतात.

ज्याला धर्माचं काहीच माहीत नाही असा समुपदेशक हा नेम पाहून 'याला श्रद्धेचा आधार आहे' अशी नोंद करून पुढे गेला असता. ज्याला फक्त उपदेश येतो त्याने 'देव प्रेम आहे' म्हणून विषय संपवला असता. आम्ही हळूहळू गेलो. त्या रात्री तो किती वर्षांचा होता, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, त्याच्या धाकट्या बहिणीकडून असं झालं असतं तर तिला त्याने दोष दिला असता का, हे सगळं बोललो. हे समुपदेशनाचं काम. पण त्याचा दोष देवापुढचा होता, तिथे नुसत्या तर्काने पोचता येईना. पुढे त्यानेच बायबल काढलं, तेव्हा योहानाचा नववा अध्याय वाचला. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानेही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. तो मुलगा ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होता. नंतर तो एका सभेला आला नाही. मैदानावर खेळत होता. त्या दिवशी मी मनापासून देवाचे आभार मानले.

अशा मुलांसाठी मी स्तोत्रसंहितेतली विलापाची स्तोत्रं हाताशी ठेवते. "हे परमेश्वरा, किती वेळ?" असं विचारणारं तेरावं, आणि शेवटपर्यंत अंधारातच राहणारं अठ्ठ्याऐंशीवं. शेवटी स्तुतीकडे न वळणारं स्तोत्रही पवित्र शास्त्रात आहे, हे कळलं की किशोरवयीन मुलांचा चेहरा सैलावतो. 'पिता' हा शब्द काहींना सहन होत नाही. मग तो वापरत नाही. मेंढपाळ आहे, खडक आहे, आश्रय आहे. घाई नाही.

औषधांबद्दल थोडक्यात. आवाज ऐकू येणारं, फिट येणारं, जीव द्यायचं बोलणारं मूल आधी डॉक्टरांकडे, मानसोपचारतज्ज्ञाकडे जातं, आणि कुणीही "विश्वास ठेव, गोळ्या बंद कर" म्हणायचं नाही. यावर आमच्याकडे चर्चा होत नाही. अँटन बॉइसन हे अमेरिकन ख्रिस्ती पाळक १९२० मध्ये स्वतः मनोरुग्णालयात दाखल झाले होते, आणि १९२५ मध्ये त्यांनीच वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांसोबत राहून शिकायला आणलं. म्हणजे डॉक्टरांच्या शेजारी बसून शिकण्याची ही वाट आपल्यातल्याच एका दुखावलेल्या माणसाने घालून दिली आहे. प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सही आधी सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात होते, तिथून मानसशास्त्राकडे वळले आणि मग बरीच वर्षं रॉचेस्टरमध्ये अडचणीत सापडलेल्या मुलांसोबत काम करत राहिले. या दोन घरांच्यामधली भिंत आपल्याला वाटते तितकी जुनी नाही.

कर्मचाऱ्यांच्या श्रद्धेला मात्र मी कधीच आवर घालत नाही. सकाळी पाळी बदलताना ज्यांना हवं ते एकत्र प्रार्थना करतात, स्वतःसाठी: धीर मिळावा, काल ज्या मुलाने तोंडावर थुंकलं त्याच्याकडे आज पुन्हा मायेने बघता यावं. हे काम विश्वासाशिवाय मला झेपलं नसतं, हे मी उघड सांगते. पण नोंदवहीत भाषा वेगळी हवी. 'सैतानी वागणूक' असं लिहायचं नाही. 'रात्री नऊला खुर्ची फेकली, वीस मिनिटं कुणाशी बोलला नाही, मग पाणी मागितलं' असं लिहायचं. पुढच्या पाळीला त्यातूनच काही करता येतं.

मुलं सज्ञान होऊन बाहेर पडतात तेव्हा काही जण मंडळीत जातात, काही कधीच जात नाहीत, काही आपल्या घरच्या धर्मात परततात. तिघांनाही आम्ही सारखाच फोन करतो, भाड्याची खोली, नोकरी, आजारपण, सगळ्याची चौकशी करतो. संयुक्त राष्ट्र महासभेने २००९ मध्ये स्वीकारलेली, आईवडिलांपासून दूर वाढणाऱ्या मुलांच्या पर्यायी काळजीविषयीची मार्गदर्शक तत्त्वं बाहेर पडल्यानंतरच्या आधारावर भर देतात. तो आधार कुणाच्या उपासनेवर अवलंबून ठेवता येणार नाही.

शेवटी मंडळ्यांना एक विनंती, कारण अनेकांना मनापासून मदत करायची असते. प्रार्थनासाखळीत आमच्या मुलांची नावं आणि कहाण्या फिरवू नका. 'अमुक मुलीवर असं झालं, तिच्यासाठी प्रार्थना करा' हा संदेश प्रेमापोटीच निघतो, पण तो तिच्या शाळेतल्या मैत्रिणीच्या फोनवर पोचतो. नावाशिवाय प्रार्थना करा, देवाला पत्ता माहीत आहे. वर्धापनदिनाला मुलांना साक्ष द्यायला व्यासपीठावर बोलवू नका, फोटो मागू नका. सणाला एकदा भेटवस्तू घेऊन येऊन परत न दिसणारी माणसं आमच्या मुलांनी खूप पाहिली आहेत. त्यापेक्षा दोघा-तिघांनी पडताळणी आणि प्रशिक्षण पूर्ण करून दर आठवड्याला एका ठरल्या संध्याकाळी यावं, गणित शिकवावं, सायकल दुरुस्त करायला शिकवावं, आणि किमान वर्षभर ती संध्याकाळ चुकवू नये. देवाबद्दल मुलांनी विचारलं तर खुशाल बोला. विचारलं नाही तर गणित नीट शिकवा.